आकडा कमी म्हणजे पाप कमी का?



या रविवारी एका अवघड विषयावर लिहीत आहे. आपले पत्रक घरी गेल्यावर लहान मुलांच्याही हाती पडते, याची जाणीव ठेवून शब्द जपून वापरले आहेत. विषय मात्र टाळलेला नाही. लहान मुलांवर होणारा लैंगिक अत्याचार हा तो विषय आहे, आणि त्यातला एक नेमका प्रश्न आज विचारात घ्यायचा आहे. हा अत्याचार किती प्रमाणात होतो हे मोजता येते का? एका देशाची दुसऱ्या देशाशी तुलना करता येते का? आणि एखादा आकडा हाती आलाच, तर त्यातून आपल्यावर कोणते कर्तव्य येते?

अशा आकड्यांची बातमी वर्तमानपत्रात आली की आपल्यात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणते, "हे सगळे परदेशातले प्रकार, आपल्याकडे घराला घरपण आहे." कोणी म्हणते, "आपला देशच बिघडला आहे, बघा आकडा केवढा!" दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट समान आहे. दोघांनीही आकडा वाचून विषय स्वतःच्या दारापासून दूर ढकलला. एकाने तो परदेशात ढकलला, दुसऱ्याने 'देश' नावाच्या कोणा तिसऱ्यावर टाकला.

एक देश, तीन आकडे

मे २०२५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०४ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाच्या अठरा वर्षांच्या आत लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचे प्रमाण २०२३ साली जगभरात स्त्रियांमध्ये १८.९ टक्के आणि पुरुषांमध्ये १४.८ टक्के होते, असा त्यात अंदाज आहे. भारतासाठी हेच आकडे स्त्रियांमध्ये ३०.८ टक्के आणि पुरुषांमध्ये १३.५ टक्के असे दिले आहेत.

आता आपल्या सरकारचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत १८ ते २९ वयाच्या स्त्रियांपैकी १.५ टक्के स्त्रियांनी अठराव्या वर्षाच्या आत लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. आणि त्याआधी, २००७ साली, केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्र आणि गोव्यासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारून एक मोठा अहवाल काढला होता. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी एका ना एका प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक होते.

शंभरांत दीड, शंभरांत एकतीस आणि शंभरांत त्रेपन्न. देश एकच. यांतला खरा आकडा कोणता?

हे तिन्ही अभ्यास जबाबदार लोकांनी केलेले आहेत. खोटेपणा कोणी केलेला नाही. फरक मोजपट्टीत आहे. आपण मावळात राहतो, म्हणून पावसाचे उदाहरण घेऊ. लोणावळ्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, हे पर्जन्यमापक सांगतो आणि ते खरे आहे. पण दोन्हीकडचा मापक सारखा असेल आणि उघड्यावर ठेवलेला असेल तरच. एक मापक उघड्या माळावर आणि दुसरा छपराखाली ठेवला, तर छपराखालचा मापक भर आषाढातही कोरडा राहील. तो कोरडा मापक हाती घेऊन "आमच्याकडे पाऊसच नाही" असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला हसू. मुलांवरील अत्याचाराच्या बाबतीत मात्र हीच चूक शहाणीसुरती माणसे करतात.

काय विचारले, कोणाला विचारले, कसे विचारले?

छप्पर म्हणजे काय, ते जरा पाहू.

पहिला प्रश्न व्याख्येचा. कशाला अत्याचार म्हणायचे? युनिसेफने ऑक्टोबर २०२४ मध्ये जो अंदाज दिला, त्यानुसार आज हयात असलेल्या ३७ कोटी मुली आणि स्त्रियांवर अठरा वर्षांच्या आत बलात्कार किंवा लैंगिक हल्ला झालेला आहे. म्हणजे आठांत एक. पण अंगाला हात न लावता केलेला छळ, म्हणजे घाणेरडे बोलणे, नको ते दाखवणे, हेही धरले तर आकडा ६५ कोटींवर जातो. म्हणजे पाचांत एक. रेषा थोडी सरकवली आणि २८ कोटी माणसे आत आली. २००७ च्या आपल्या अहवालात अश्लील चित्रे दाखवण्यासारखे प्रकारही मोजले होते, म्हणून तो आकडा मोठा दिसतो. त्यातले गंभीर प्रकार तेवढे वेगळे काढले, तर प्रमाण २१.९० टक्के होते.

ही रेषा कुठे ओढायची, यावर आपल्या न्यायालयांतही वाद झाला आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात म्हटले की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सो कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, कारण त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला आणि करणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा आहे, असे ठरवले. एका न्यायालयाच्या मोजपट्टीने ते मूल त्या गुन्ह्याच्या मोजणीबाहेर गेले होते, दुसऱ्या न्यायालयाने त्याला आत घेतले. मुलीने जे सोसले होते, त्यात मात्र या दहा महिन्यांत तसूभरही फरक पडला नव्हता.

दुसरा प्रश्न, कोणाला विचारले? कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसेबद्दलचे प्रश्न फक्त स्त्रियांना विचारतात, तेही एका घरातील एकाच स्त्रीला, आणि ती एकटी असेल तरच. ही काळजी योग्यच आहे. पण त्यामुळे मुलगे आणि पुरुष या मोजणीत येतच नाहीत. उलट २००७ च्या अभ्यासात शाळेत जाणारी मुले होती, तशीच काम करणारी, रस्त्यावर राहणारी आणि संस्थांमध्ये वाढणारी मुलेही मुद्दाम घेतलेली होती. त्यामुळे तो आकडा देशातील प्रत्येक घराला सरसकट लावता येत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कसे विचारले? २०११ साली जगभरातील २१७ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा घेण्यात आला. ज्यांच्यावर प्रसंग ओढवला, त्यांनाच विचारले असता हजारांत १२७ जणांनी होय म्हटले. तीच गोष्ट डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक अशा दुसऱ्या माणसांना विचारली, तेव्हा आकडा आला हजारांत फक्त ४. एकशे सत्तावीस आणि चार! मुलांच्या आसपास वावरणाऱ्या जाणत्या माणसांना एवढेच दिसले होते. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे मुलांचे मौन होय.

आणि मौनाला भाषेचेही कारण आहे. मराठीत मोठ्यांसाठी 'विनयभंग', 'अतिप्रसंग' असे शब्द आहेत. ते पोलीस ठाण्याचे आणि वर्तमानपत्राचे शब्द आहेत. सहा वर्षांच्या मुलाजवळ कोणता शब्द आहे? ते म्हणते, "काका त्रास देतात." आपण विचारतो, "अभ्यास करत नाहीस म्हणून रागावले असतील." त्रास हा शब्द मारण्यालाही चालतो, चिडवण्यालाही चालतो. मुलाने आपल्याजवळ होते ते सारे शब्द वापरून सांगितलेले असते. ऐकणाऱ्याने ते भलत्याच खात्यात टाकलेले असते.

पोलीस ठाण्यातील नोंद

कोणी म्हणेल, सर्वेक्षणे सोडा, पोलिसांकडची नोंद तरी पक्की असते. ती पक्की असते, पण ती कशाची नोंद आहे हे समजून घ्यायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात मुलांविरुद्धचे सर्व प्रकारचे मिळून १,६२,४४९ गुन्हे आहेत. त्यांत सर्वाधिक, २०,७६२, आपल्या महाराष्ट्रात. लोकसंख्येने आपल्यापेक्षा कितीतरी मोठा असलेला उत्तर प्रदेश या यादीत आपल्या खाली आहे. म्हणजे महाराष्ट्रात मूल असणे सर्वांत धोक्याचे आहे का? तसे असेलही, किंवा येथे आईवडील पोलीस ठाण्याची पायरी चढायला थोडे अधिक धजावत असतील. नुसत्या आकड्यावरून यांतले काय खरे, हे सांगता येत नाही.

पायरी चढल्यावर काय होते, तेही आकड्यात मिसळलेले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन लहान मुलींच्या प्रकरणात लोक रेल्वे रुळांवर उतरले. तक्रार नोंदवून घेण्यात झालेल्या दिरंगाईबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना आणि शाळेला धारेवर धरले. ज्या पालकांकडे तासन् तास थांबण्याचे बळ नसते, ते घरी परत जातात. मग त्या दिवशी त्या ठाण्याचा आकडा एकाने कमी राहतो आणि कागदावर गाव तेवढे सुरक्षित दिसते.

शिवाय कायदाच नसेल तर नोंद तरी कुठली? गोव्याने २००३ साली मुलांसाठी वेगळा कायदा केला. देशपातळीवर पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, अमलात आला. त्याआधी मुलग्यांवरील अत्याचारासाठी वेगळे असे कलमच नव्हते. त्या काळातील मुलग्यांचे आकडे शोधले तर फारसे काही हाती लागत नाही. त्या मुलांवर काही झालेच नव्हते, असे कोणता शहाणा माणूस म्हणेल?

आपल्या मावळात ऑगस्ट २०२२ मध्ये जे घडले ते अजून आपल्या विस्मरणात गेलेले नाही. सात वर्षांच्या त्या चिमुरडीचे नाव किंवा गाव येथे लिहीत नाही. कायदाही तसे सांगतो आणि दयाही. आरोपी शेजारीच राहणारा होता. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. त्या वेळी सारा तालुका रडला. पण जे प्रकरण सर्वांना माहीत होते, मोर्चे निघतात, निकाल लागतो, ते हजारांतले एखादे असते. बाकीची मुले जिवंत असतात, शाळेत जातात, रविवारी आपल्याच बाकावर बसतात. त्यांचा आकडा कुठेच नसतो.

आपल्या ख्रिस्तसभेचा आकडा

दुसऱ्यांच्या मोजपट्ट्या तपासल्या, आता स्वतःची तपासली पाहिजे. धर्मगुरूने हा विषय काढावा आणि ख्रिस्तसभेबद्दल गप्प बसावे, हे योग्य होणार नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये जर्मनीतील महागुरूंनी नेमलेल्या संशोधकांचा अहवाल आला. त्यांनी १९४६ ते २०१४ या काळातील धर्मगुरूंच्या ३८ हजारांहून अधिक फायली तपासल्या. अत्याचार झालेल्या मुलांची संख्या निघाली ३,६७७ आणि आरोप असलेले धर्मगुरू व अन्य दीक्षित १,६७०. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू आणि व्रतस्थांच्या हातून अत्याचार झालेल्या मुलांची संख्या त्यात २,१६,००० असल्याचा अंदाज दिला आहे. चर्चच्या संस्थांतील प्रापंचिक सेवक धरले तर ती ३,३०,००० होते.

केवळ आकडे पाहणारा म्हणेल, फ्रान्सची ख्रिस्तसभा जर्मनीपेक्षा साठपट वाईट. पण दोघांनी मोजले कसे, ते पाहा. जर्मनीत कागदांना विचारले. ज्या तक्रारी कोणीतरी केल्या, कोणीतरी लिहून घेतल्या आणि कोणी फाडून टाकल्या नाहीत, तेवढ्याच तिथे सापडल्या. संशोधकांनी स्वतःच सांगितले की प्रत्यक्षातली संख्या याहून बरीच मोठी असणार. फ्रान्समध्ये आयोगाने आधी लोकांना पुढे येण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे २,७०० जण पुढे आले. मग सर्वसाधारण लोकसंख्येतील २८,०१० माणसांना विचारून सर्वेक्षण केले, आणि त्यावरून लाखांचा अंदाज निघाला. एकाच देशात, एकाच आयोगाने दार उघडे ठेवून वाट पाहिली तेव्हा सत्तावीसशे, आणि उठून दारोदार विचारले तेव्हा दोन लाखांवर!

फ्रान्सच्या आकड्यावरही आक्षेप घेतले गेले. तिथल्या काही कॅथलिक विद्वानांनी म्हटले की एवढ्या माणसांमध्ये होय म्हणणारे थोडेच असल्याने अंदाज फार डळमळीत आहे. आयोगानेही संख्या १,६५,००० ते २,७०,००० यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, असे मान्य केले होते. हा वाद प्रामाणिकपणे करता येतो आणि करावाही. पण त्यातला सर्वांत लहान आकडा घेतला तरी तो १,६५,००० मुलांचा आहे, हे विसरून वाद घालू नये. त्याच सर्वेक्षणाने आणखी एक गोष्ट दाखवली. मुलांवर सर्वाधिक अत्याचार घरातले, नात्यातले आणि ओळखीचे लोक करतात. आणि त्यांच्या खालोखाल, शाळा आणि खेळाच्या मैदानापेक्षाही वर, चर्चशी संबंधित वातावरणाचे प्रमाण आहे. हे वाचून मान खाली जाते. जाऊ द्यावी. मान वर ठेवण्यासाठी आकडा लहान करणे हे पापावर दुसरे पाप होईल.

अनिश्चित आकडा आपल्याला बांधतो का?

येथे नीतिशास्त्राचा मूळ प्रश्न येतो. आकडा जर दीडपासून त्रेपन्नपर्यंत कुठेही असू शकतो, तर अशा ज्ञानाचा उपयोग काय? 'नक्की माहीत नाही' म्हणून आपण मोकळे होतो का?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवले आहे की प्रत्येक विषयात त्या विषयाला झेपेल तेवढ्याच अचूकतेची अपेक्षा करावी. माणसांच्या दुःखाकडून गणिताची अचूकता मागणारा माणूस बारकाईने वागत नाही, तो पळवाट शोधत असतो. ख्रिस्ती नीतिशास्त्रातले एक जुने उदाहरण आहे. शिकाऱ्याला झुडुपात हालचाल दिसते. प्राणी असेल, कदाचित माणूसही असेल. नक्की माहीत नाही. अशा वेळी त्याने गोळी झाडू नये, यावर सर्व गुरूंचे एकमत आहे. जीव धोक्यात असतो तेव्हा शंकेचा फायदा त्या जिवाला द्यायचा असतो, आपल्या सोयीला नाही.

मुलांच्या बाबतीत तोच नियम लावा. लहानात लहान आकडा घेतला, शंभरांत दीड, तरी दोनशे मुलींच्या शाळेत तीन मुली होतात. कोणत्या तीन, ते माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच दोनशे जणींसाठी काळजी घ्यावी लागते. काळजी घेण्याचे कर्तव्य सिद्ध व्हायला खरा आकडा दीड की तीस, हे आधी ठरण्याची गरजच नाही. आकडा ठरेपर्यंत थांबू म्हणणाऱ्याने झुडुपात गोळी झाडलेली आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. आकडा समाजाबद्दल बोलतो, माणसाबद्दल बोलत नाही. शंभरांत इतके असे म्हटल्याने समोरचा अमुक माणूस दोषी ठरत नाही. एखाद्यावर आरोप आला तर त्याचा तपास पोलिसांनी करायचा, निकाल न्यायालयाने द्यायचा. वाडीतल्या चावडीवर तो लागू नये. पण तक्रार पुढे पाठवणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणजे 'निरपराध माणूस भरडला जाईल' या भीतीपोटी मुलाचे तोंड बंद करण्याची वेळ येत नाही.

दोन प्रकारची मोजणी

पवित्र शास्त्रात मोजणीच्या दोन गोष्टी आहेत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा आपल्या राज्यातील लढवय्यांची गणना करवतो. सेनापती यवाबाला ते पटत नाही, तरी राजा हट्टाने करवतो. आणि गणना पुरी झाल्यावर राजाचेच मन त्याला खाऊ लागते. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शंभर मेंढरांच्या मेंढपाळाची गोष्ट सांगतो. आपण ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की एक साधी बाब लक्षात येत नाही. एक मेंढरू हरवले हे त्या मेंढपाळाला कळले कसे? त्याने मोजली होती म्हणून. आणि नव्याण्णव हा चांगला आकडा आहे, असे म्हणून तो झोपी गेला नाही.

दावीदाची मोजणी आपण किती मोठे आहोत हे पाहण्यासाठी होती. मेंढपाळाची मोजणी कोण राहून गेले हे पाहण्यासाठी होती. देशादेशांच्या आकड्यांची तुलना दोन्ही प्रकारे करता येते. २०११ च्या त्याच आढाव्यात मुलींचे प्रमाण ऑस्ट्रेलियात सर्वाधिक, २१.५ टक्के, आणि आशियात सर्वांत कमी, ११.३ टक्के आले होते. दावीदासारखे मोजणारा आशियाई माणूस हे वाचून छाती फुगवील. मेंढपाळासारखे मोजणारा विचारील, आमच्या मुली तिथल्या मुलींपेक्षा सुरक्षित आहेत, की आमच्या मुलींना सांगायला जागा कमी आहे? एखाद्या देशाचा आकडा वाढला तर कधीकधी ती चांगली बातमी असते. तिथे मुलांचे ऐकणारे कोणीतरी निर्माण झाले, असा तिचा अर्थ असू शकतो.

विचारणाऱ्याची जबाबदारी

विचारणे हे सुद्धा नैतिक कृत्य आहे. मुलाला असा प्रश्न विचारायचा, त्याची जुनी जखम उघडायची, उत्तर वहीत लिहायचे आणि निघून जायचे, हे बरे नव्हे. म्हणून २००७ साली स्वाझीलँडपासून सुरू झालेल्या आणि पुढे अनेक देशांत झालेल्या सर्वेक्षणांत १३ ते २४ वयाच्या मुलामुलींना व तरुणांना एकांतात विचारतात आणि ज्याला मदत हवी त्याला ती मिळवून देण्याची सोय आधी करून ठेवतात. आपण घरात, शाळेत किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारणार असू, तर "होय" हे उत्तर ऐकायची तयारी आधी हवी.

ही तयारी कायद्यानेही सांगितली आहे. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, असा गुन्हा झाल्याचे कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने तो पोलिसांना कळवला पाहिजे. न कळवणे हा २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यात अधिक शिक्षा आहे. धर्मगुरू म्हणून मला यातून वगळलेले नाही. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आणि मार्च २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांप्रमाणे धर्मगुरू आणि व्रतस्थांनी असा प्रकार ख्रिस्तसभेतील अधिकाऱ्यांनाही कळवायचा आहे. पण त्याने पोलिसांकडे जाण्याचे कर्तव्य संपत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले कोणत्याही कारणाने बाहेर सांगता येत नाही. ते बंधन कोणालाच मोडता येत नाही. म्हणून एखाद्या मुलाला किंवा पालकाला मदत हवी असेल, तर तीच गोष्ट संस्काराबाहेर, कार्यालयात किंवा घरी सांगावी. तिथे सांगितलेली गोष्ट मी दडवून ठेवणार नाही, ती जिथे पोचायला हवी तिथे पोचवली जाईल. आणि आधी धर्मगुरूला सांगायलाच हवे असे मुळीच नाही, मग त्रास देणारा कोणीही असो, धर्मगुरू असो वा घरातला. मुंबईत १९९६ साली सुरू झालेला १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आता सरकार चालवते आणि तो ११२ या क्रमांकाशी जोडलेला आहे. तो मुलांना तोंडपाठ असावा. सातचा पाढा येतो, तसा हाही यावा.

आकडे एवढे डळमळीत असले तरी तीन बाबतींत जवळजवळ सर्व देशांचे अभ्यास एकमुखाने बोलतात. त्रास देणारा बहुधा ओळखीचा असतो. आपल्या देशातील पोलिसांच्या नोंदीतही पोक्सोच्या प्रकरणांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त असते. मुलगेही त्यातून सुटत नाहीत. आणि बहुतेक मुले त्या वेळी कोणालाच सांगत नाहीत. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको, एवढेच शिकवून आपण मोकळे होतो. पण धोका बहुतेक वेळा चहाला आलेला असतो. मुलाला पाहुण्याच्या मांडीवर बसायचे नसेल, तर "असे काय करतोस, मामाच आहेत ना?" म्हणून ढकलू नका. त्याचा नकार मोडून काढण्याची सवय आपणच लावली, तर पुढे त्याने नकार द्यायचा तरी कसा? धर्मशिक्षणाचा वर्ग, वेदीसेवकांचा सराव, शिबिर, सहल, कुठेही एकटे मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड असू नये. ही अट कोणावरच्या संशयामुळे नाही. ती सर्वांना सारखी लागू आहे, मलाही.

कोणी मला विचारले की आपल्या धर्मग्रामात अशी प्रकरणे किती, तर नोंदवही उघडून शून्य असे उत्तर देणे सोपे आहे. ते उत्तर खरे असू शकते. तो छपराखाली ठेवलेला मापकही असू शकतो. कोणते खरे, हे वहीवरून कळणार नाही. आपल्या मुलांना आपण किती वेळ देतो, त्यांचे अर्धवट वाक्य पुरे होईपर्यंत थांबतो की नाही, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर "असे बोलू नये" म्हणतो की "बरे झाले सांगितलेस" म्हणतो, यावरून ते कळेल. शंभर देशांचे आकडे वाचल्यावर आपल्या हाती करण्यासारखे एवढेच उरते, आणि ते आज दुपारच्या जेवणापासून करता येते.

प्रभू आपल्या मुलांचे रक्षण करो आणि त्यांचे ऐकण्याचे धैर्य आपणांस देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू